गाडीचा ओरखडा : आधी खोली पाहा, मग खिशात हात घाला



या सदरात आपण बहुधा घरातल्या वस्तूंच्या दुरुस्तीबद्दल बोलतो. आज घराबाहेर, वस्तीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या वस्तूबद्दल बोलू. आपल्या वस्त्यांतून आता चारचाकी दिसू लागली आहे. पण ती मिरवण्यासाठी घेतलेली नाही. कुणाची टुरिस्ट टॅक्सी आहे, कुणाची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे, कुणी दोघा भावांनी पैसे जमवून सेकंडहँड अल्टो किंवा वॅगनआर घेतली आहे. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेचा हप्ता जातो, आणि मग उरलेल्या पैशांत घर चालते. अशा गाडीला गल्लीत कुणाची सायकल घासून गेली, भाजीची हातगाडी टेकली किंवा वळताना खांबाला दार लागले, की मालकाच्या काळजालाच ओरखडा पडतो.

मग तो गॅरेजमध्ये जातो. तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, ‘पूर्ण दार रंगवावे लागेल.’ बोटभर ओरखड्यासाठी अख्खे दार रंगवायचे म्हणजे काही हजार रुपये, आणि वर दोन-तीन दिवस धंदा बंद. गॅरेजवाला लबाड असतो असे नाही. अर्धे दार रंगवले तर जोड दिसतो आणि गिऱ्हाईक भांडायला येते, म्हणून तो पूर्ण दाराचीच गोष्ट करतो. पण प्रत्येक ओरखड्याला नव्या रंगाची गरज नसते. काही ओरखडे अर्ध्या तासात घरी निघतात, काही झाकले तरी पुरते, आणि काही मात्र त्याच आठवड्यात बंद करावे लागतात, नाहीतर पत्रा खातात. कोणता ओरखडा कुठल्या जातीचा, हे ओळखता येणे हीच या कामातली खरी विद्या. (जात हा शब्द वापरावा तर तो ओरखड्यांपुरताच!)

रंग म्हणजे एक थर नव्हे

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. कारखान्यात गाडीचा सांगाडा एका टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्याच्यावर प्रायमर, त्याच्यावर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर. या वरच्या थराला कारागीर ‘क्लिअर’ म्हणतात. गाडीची चकाकी ही या क्लिअरची चकाकी असते, खालच्या रंगाची नव्हे. हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक. त्यात क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा. वहीच्या एका कागदाच्या निम्म्याएवढा समजा. हे लक्षात ठेवले की घासताना हात आपोआप हलका पडतो.

आपल्यातल्या जुन्या टॅक्सीवाल्यांना वेगळी सवय आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली, त्यांना आठवत असेल, रबिंग करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरायचा आणि खालून नवी चकाकी यायची. तो एकथरी रंग होता. रंग आणि चकाकी एकाच थरात. आजच्या मोटारीला हा नियम लावू नका. क्लिअर असलेल्या गाडीचा रंग फडक्यावर यायला लागला, तर क्लिअर संपला असे समजून तिथेच थांबा. जुन्या गाड्या आणि काही टेम्पो-रिक्षा एकथरी रंगाच्या असतात, त्यांना थोडा रंग फडक्यावर येणारच.

दोन मिनिटांची परीक्षा

आधी ती जागा साध्या पाण्याने आणि थोड्या शांपूने धुऊन घ्या. धूळ असताना घासले तर एका ओरखड्याचे पन्नास होतात. गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा. मग चार गोष्टी पाहा.

पहिली : ओरखड्यावर पाण्याचे बोट फिरवा. ओले असताना ओरखडा नाहीसा झाला आणि सुकल्यावर परत दिसला, तर तो फक्त क्लिअरमध्ये आहे. काळजीचे कारण नाही.

दुसरी : नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर काम बहुतेक पॉलिशवर भागेल. नख अडकले तर ओरखडा खोल आहे.

तिसरी : ओरखड्याच्या तळाचा रंग पाहा. तळाला गाडीचाच रंग असेल तर उत्तम. करडा किंवा पांढुरका दिसला तर प्रायमरपर्यंत गेला. चमकणारा पत्रा किंवा तपकिरी डाग दिसला तर पत्रा उघडा पडला.

चौथी : तो भाग पत्र्याचा आहे की प्लास्टिकचा? लोहचुंबक लावून पाहा. आजच्या गाड्यांचे पुढचे-मागचे बंपर प्लास्टिकचे असतात. त्यांना गंज चढत नाही. त्यामुळे बंपरवरच्या ओरखड्याची घाई कधीच नसते. हातात पैसे नसतील तर तो खुशाल वर्षभर राहू द्या.

ओरखडा नव्हे, दुसऱ्याचा रंग

पुष्कळदा आपण ज्याला ओरखडा समजतो तो दुसऱ्या गाडीचा, खांबाचा किंवा भिंतीचा रंग आपल्या गाडीवर चिकटलेला असतो. आपल्या काळ्या दारावर पांढरा पट्टा दिसला की आधी ही शंका घ्या. मऊ सुती कापडावर थोडे टर्पेंटाइन घेऊन हलक्या हाताने पुसा. आधी दाराच्या आतल्या कडेवर, न दिसणाऱ्या जागी, थेंबभर लावून पाहा. तिथला रंग मऊ पडला नाही तरच पुढे जा. रंगवाल्याचा थिनर मात्र यासाठी वापरू नका. कारखान्याच्या पक्क्या रंगावर तो एकवेळ चालेल, पण आधी कुणी गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावर किंवा प्लास्टिकवर तो रंगच विरघळवू शकतो, आणि सेकंडहँड गाडीचा कोणता भाग पूर्वी रंगवलेला आहे हे आपल्याला माहीत नसते.

वरच्या थरातला ओरखडा

यासाठी लागते रबिंग कंपाउंडची लहान डबी, पॉलिश आणि दोन-तीन स्वच्छ मऊ कापडे. जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे चालतात. बटण, जर किंवा शिवण असलेले कापड नको.

वाटाण्याएवढे कंपाउंड ओल्या कापडावर घ्या. तळहाताएवढ्याच जागेत, मध्यम दाबाने, मागे-पुढे फिरवा. अर्धा-एक मिनिट झाले की पुसून पाहा. पुन्हा लावा, पुन्हा पाहा. तीन-चार वेळा केल्यावर बारीक रेघा निघून जातात. मग दुसऱ्या कापडाने पॉलिश करा म्हणजे कंपाउंडने आलेली धूसरता जाते. दाराच्या कडेवर, बॉनेटच्या घडीवर आणि उंचवट्याच्या रेषेवर रबिंग करू नका. तिथे रंग मुळातच पातळ असतो आणि लवकर उडतो.

टूथपेस्टने ओरखडे जातात असे पुष्कळ जण सांगतात. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते, त्यामुळे अगदी वरवरची रेघ कमी होते हे खरे. पण खोल ओरखड्यावर ती फक्त पांढरी होऊन बसते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. भांडी घासायची हिरवी घासणी आणि भांड्यांची पावडर मात्र गाडीजवळ आणूही नका.

नख किंचित अडकत असेल तर काही जण २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून चार-सहा हात फिरवतात आणि मग रबिंग करतात. याने काम होते, पण घासून गेलेला क्लिअर परत येत नाही, आणि क्लिअर फार पातळ झालेली जागा उन्हाने पापुद्रे सोडते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हे लवकर घडते. ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी वॉटर पेपरच्या वाटेला जाऊ नये. अंधूक रेघ राहिली तर राहू द्यावी.

प्रायमरपर्यंत गेलेला ओरखडा

इथे रंग भरावा लागतो. याला टच-अप म्हणतात. पहिली गोष्ट, योग्य रंग. ‘पांढरा द्या’ म्हणून चालत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन-तीन पांढरे असतात. रंगाचा नंबर गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ती पट्टी बॉनेटच्या खाली किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर सापडते. उदाहरणार्थ, मारुतीच्या अनेक गाड्यांवरचा ‘सुपीरियर व्हाइट’ हा २६ यू, तर ‘सिल्की सिल्व्हर’ हा झेड २ एस. नंबर कागदावर उतरवून घ्या आणि त्या नंबरचा टच-अप पेन किंवा छोटी बाटली मागा. काही शहरांत मोटारीच्या रंगाची दुकाने नंबरावरून थोडा रंग बनवूनही देतात.

कृती अशी. जागा साबणाने धुऊन, पूर्ण सुकवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते मेडिकलच्या दुकानात मिळते. मेण किंवा पॉलिशचा अंश राहिला तर रंग धरत नाही. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. बाटली दोन मिनिटे हलवा. बाटलीबरोबर आलेला ब्रश बहुधा जाड असतो. त्याऐवजी चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश किंवा टोकदार केलेली काडी घ्या. रंग ओरखड्याच्या आतच सोडा, बाहेर फासू नका. एकदम जाड थर देऊ नका. पातळ थर द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, पुन्हा द्या. रंग सुकताना खाली बसतो, म्हणून तीन-चार थर लागतात. शेवटी वरून क्लिअरचा पातळ थर. टेप रंग पूर्ण सुकायच्या आत हळूच काढा, नाहीतर रंगाची कड उचलली जाते.

आता सगळ्यांत अवघड भाग : आठ दिवस हात लावू नका. वरून कोरडा दिसला तरी रंग आत मऊ असतो. आठ दिवसांनी हलके रबिंग आणि पॉलिश केले की उंचवटा कमी दिसतो.

अपेक्षा मात्र वाजवी ठेवा. साधा पांढरा, लाल, काळा हे रंग चांगले मिळतात. चांदीसारख्या मेटॅलिक रंगात धातूचे कण असतात. ते कारखान्यात फवाऱ्याने जसे बसतात तसे ब्रशने बसत नाहीत, त्यामुळे जवळून ठिपका दिसतोच. चार पावलांवरून दिसला नाही की काम झाले असे समजा. गाडी पाच वर्षांची असेल तर उन्हाने तिचाही रंग थोडा बदललेला असतो. नवा रंग तंतोतंत जुळणार नाही. आपले काम पत्रा वाचवण्याचे आहे.

पत्रा उघडा पडला तर

हा एकच ओरखडा असा आहे, जो थांबायला तयार नसतो. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यात खारी दमट हवा आहे. उघडा पत्रा तिथे एका रात्रीतही तांबूस होतो. गंज रंगाच्या खाली शिरला की आडवा पसरतो, वरून फुगा दिसतो आणि फुगा फोडला की खालचा पत्रा चाळणी झालेला असतो. मग कापून नवा पत्रा वेल्डिंग करण्याचा खर्च येतो. व्यवसायाच्या गाडीचे तर फिटनेस पासिंगच अडते. अशा गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते, हे टॅक्सी-टेम्पोवाल्या बांधवांना सांगायला नको.

कृती : ४०० नंबरच्या पेपरची बारीक घडी करून फक्त ओरखड्यातला गंज घासा, आजूबाजूचा चांगला रंग नाही. तपकिरी कण एकही राहता कामा नये, पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. खड्ड्यात गंज रुतला असेल तर गंजावर लावायचे द्रावण मिळते, ते डबीवर लिहिल्याप्रमाणे लावा. पुसा, पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, प्रायमर लावा. ‘उद्या लावू’ म्हटले की उद्या परत गंज घासावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातले रेड ऑक्साइड पत्रा वाचवते, पण पांढऱ्या रंगाखालून त्याची लाली डोकावते. फिकट गाडीला करडा प्रायमर घ्या. प्रायमर सुकला की ८०० नंबरच्या ओल्या पेपरने अलगद गुळगुळीत करा आणि पुढे टच-अपची वर सांगितलेली कृती.

दोन इशारे. गंजावर थेट लांबी भरू नका. लांबी पाणी शोषते, आणि खाली गंज जिवंत असेल तर सहा महिन्यांत सगळे उचकटून येते. दुसरे, दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकाच्या कमानीला फुगे आले असतील तर तो गंज आतून बाहेर आलेला आहे. ते घरचे काम नव्हे. डेंटरकडे जा.

भर पावसात काय करायचे? दमट हवेत रंग पांढुरकतो आणि नीट धरत नाही. अशा वेळी जागा कोरडी करून, गंज काढून, त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा थर द्या. ही कायमची दुरुस्ती नव्हे, पण पाऊस उघडेपर्यंत पाणी अडते. दिवाळीच्या सुमारास कोरड्या हवेत ते खरवडून पक्के काम करा.

खोलीत मुले आहेत, हे विसरू नका

आपली घरे लहान. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप. म्हणून हे काम घरच्या घरी म्हटले तरी घराच्या बाहेर, उघड्यावर करायचे. थिनर, टर्पेंटाइन आणि स्प्रेचा डबा यांची वाफ लगेच पेट घेते. शेगडी चालू असेल किंवा वंदनेची मेणबत्ती-अगरबत्ती लावलेली असेल त्या खोलीत ही झाकणे उघडू नका. गरोदर बाई, तान्हे मूल आणि दम्याचा माणूस यांना लांब ठेवा. जुन्या गाडीचा रंग कधीही कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. पेपर ओला ठेवला की धूळ उडत नाही. उरलेला थिनर थंड पेयाच्या बाटलीत ठेवायची सवय तर आजच सोडा. मूल पाणी समजून तोंडाला लावते.

गॅरेजमध्ये दोन भाग मिसळून मारतात तो रंग आणि क्लिअर घरी फवारू नका. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची रसायने फुप्फुसात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. साधा फडका तोंडाला बांधून ती अडत नाहीत. गॅरेजमध्ये हे काम करणाऱ्या आपल्या मुलांनाही हे सांगा, आणि मालकाकडून योग्य मास्क मागायला शिकवा. चाळीच्या अंगणात साधा स्प्रे मारायचा झाला तरी वारा पाहा. शेजाऱ्याचे वाळत घातलेले कपडे आणि पलीकडची गाडी दोन्ही त्यात रंगतात.

विमा घ्यावा की नको?

‘विमा आहे ना, मग क्लेम करा,’ असे सांगणारे भेटतात. आधी पॉलिसी वाचा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या ओरखड्याचा एक पैसाही मिळत नाही. पूर्ण विमा असेल तरी पॉलिसीवर लिहिलेली ठरावीक रक्कम आपल्याला भरावी लागते. शिवाय क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी सूट जाते. ही सूट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के.

हिशेब करून पाहू. समजा, या भागाचा हप्ता ४,००० रुपये आहे आणि तुमची सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे. तुम्ही आज छोटा क्लेम केला तर पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य होते आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी चढावी लागते. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तर पाच वर्षांत जाणारी सूट अनुक्रमे २,०००, १,२००, १,०००, ६०० आणि २०० रुपये. एकूण ५,०००. म्हणजे तीन हजारांच्या कामासाठी क्लेम करणारा माणूस पाच हजार गमावतो. मोठा अपघात झाला तर क्लेम अवश्य करा, त्यासाठीच विमा असतो. बोटभर ओरखड्यासाठी नाही. काही पॉलिसींत ही सूट सांभाळण्याची जादा तरतूद असते. ती आपल्या कागदावर आहे का, तेवढे पाहून घ्या.

दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्यांसाठी

आपले कितीतरी बांधव पगारी ड्रायव्हर आहेत किंवा रोजाच्या भाड्याने गाडी घेतात. संध्याकाळी मालक गाडीभोवती फेरी मारतो, बोट ठेवतो आणि ओरखड्याचे पैसे पगारातून कापतो. ओरखडा आधीचा होता हे सांगायला पुरावा नसतो. म्हणून गाडी हातात घेताना रोज चारही बाजूंचे फोटो काढा. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप राहते. जुना ओरखडा दिसला तर त्याच वेळी मालकाला फोटो पाठवा. दोन मिनिटांच्या या सवयीने महिन्याचा वाद वाचतो. ओरखडा खरेच आपल्या हातून पडला असेल तर लपवू नका. मालकाला सांगा, आणि तो क्लिअरमधलाच असेल तर वर दिल्याप्रमाणे पाण्याची परीक्षा त्याच्यासमोर करून दाखवा. दार रंगवण्याचे पैसे कशाला कापता, पॉलिशवर काम होते, हे डोळ्यांनी दिसले की बोलणे सोपे जाते. मात्र मालकाला न विचारता त्याच्या गाडीवर कंपाउंड फिरवू नका.

ओरखडे पडूच नयेत म्हणून

१४ एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना, १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघताना आपण गाडीला निळा झेंडा, फलक आणि हार बांधतो. बांधा, अभिमानाने बांधा. पण नायलॉनची दोरी किंवा सुतळी रस्ताभर पत्र्यावर घासत राहते, आणि घरी आल्यावर बॉनेटवर कायमच्या रेघा दिसतात. दोरीखाली जुन्या कापडाची घडी ठेवा आणि झेंड्याची काठी पत्र्याला टेकणार नाही अशी बांधा. ओले हार दोन-दोन दिवस गाडीवर ठेवू नका, फुलांचे डाग बसतात. स्टिकर काढताना चाकूने खरवडू नका. कोमट पाण्याचे कापड पाच मिनिटे दाबून ठेवले की तो मऊ होऊन निघतो. सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणे हेही ओरखड्यांचे मोठे कारण आहे. आधी पाणी, मग फडके.

आणि बंपरला लिंबू-मिरची टांगून ओरखडा टळत नाही. दर आठवड्याचे ते पैसे साठवले तर पॉलिशची डबी येते.

धम्माची एक गोष्ट

हे कसब आले की एक मोहही येतो. गाडी विकायची असते, पूर्वी मोठी धडक बसलेली असते आणि लांबी-रंग मारून ती झाकता येते. ओरखडा दुरुस्त करणे वेगळे, अपघात लपवणे वेगळे. घेणाराही आपल्यासारखाच हप्ते भरणारा असतो आणि त्या गाडीत त्याची मुले बसणार असतात. पंचशीलातले चौथे शील वंदनेच्या वेळी म्हणायचे आणि गिऱ्हाइकासमोर विसरायचे, असे होऊ नये. तसेच, आपल्या हातून दुसऱ्याच्या उभ्या गाडीला घासा बसला आणि मालक जवळ नसला, तर काचेवर नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

हाताच्या कसबाकडे आपण कमीपणाने पाहू नये. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण तिथे धाग्याला तोंड लावावे लागे, म्हणून विटाळाचे निमित्त करून आपल्या आजोबा-पणजोबांना त्या खात्यात शिरू देत नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. कसब शिकण्याची वाट अडवली की माणसाची कमाई अडते, हे त्यांनी ओळखले होते. आज आय.टी.आय.मध्ये मोटारीच्या बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, बॉडी दुरुस्तीचाही आहे. वस्तीतल्या ज्या मुलाचा किंवा मुलीचा हात स्थिर आहे आणि नजर बारीक आहे, त्यांना त्याची माहिती द्या. जवळच्या आय.टी.आय.मध्ये तो चालतो का, याची चौकशी करा.

तोवर येत्या रविवारी वंदना आटोपली की गाडीजवळ मुलांना बोलवा. पाण्याचे बोट फिरवून ओरखडा नाहीसा होतो का ते त्यांनाच पाहू द्या. नख अडकते का ते विचारा, तळाचा रंग ओळखायला सांगा. पत्रा उघडा दिसला तर मात्र त्याच दिवशी प्रायमर लावा. बाकीचे ओरखडे आठ दिवस थांबतील.

जयभीम! नमो बुद्धाय!